नाशिकहून ओईटी दिली त्याबद्दल, जरा लांबलचक

"ताई, आयईएलटीएस देऊ का ओईटी?" युकेला नर्स म्हणून जायला इंग्रजीच्या ज्या परीक्षा चालतात त्या ह्या दोन, ओईटी खास हेल्थवाल्यांची, आणि हा प्रश्न मला ड्युटीवर विचारतात, लग्नात विचारतात, परवा तर गंगापूर रोडला भाजी घेताना एकीने गाठून विचारलं, आणि दर वेळी मी अर्धवट काहीतरी सांगून पळते कारण नाईटला उशीर होत असतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. फक्त नर्सिंगवाल्यांच्या कामाचं आहे, एमएस करायला अमेरिकेला जाणाऱ्यांनी वेळ घालवू नका.

माझं थोडक्यात सांगते. गाव निफाड तालुक्यात, घरी द्राक्षबाग, दहावीपर्यंत मराठी मिडियम. मग बीएस्सी नर्सिंग, तिथे पुस्तकं इंग्रजी आणि बोलणं सगळं मराठी नाहीतर हिंदी. आता मुंबई नाक्याच्या बाजूला एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. इंग्रजी वाचता येतं, फाईल लिहिता येते, पण बोलायची वेळ आली की आधी मनात मराठी वाक्य तयार होतं, मग त्याचं इंग्रजी, आणि तोपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. आपल्याकडच्या निम्म्या स्टाफचं हेच आहे.

तर युकेला नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलमध्ये नाव लागावं लागतं, सगळे एनएमसी म्हणतात. त्यांना परीक्षा दोनच चालतात, आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक नाहीतर ओईटी. पीटीई नाही, टोफेल नाही, घरबसल्या देतात ती डुओलिंगो तर नाहीच नाही, त्यामुळे कुणी स्वस्तातली म्हणून ती देऊन बसली असेल तर ती इथे उपयोगाची नाही. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. एकूण ७ आले म्हणून खुश होऊ नका, प्रत्येक विषयात वेगवेगळे लागतात, आणि लोक बरोब्बर तिथेच अडकतात. ओईटीचे मार्क ० ते ५०० मध्ये येतात, तिथे लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी ग्रेड म्हणजे कमीत कमी ३५०, आणि रायटिंगला सी प्लस म्हणजे ३०० चालतात. रायटिंगला आधी जास्त लागायचे, मग जगभरातून चांगल्या चांगल्या नर्सेस तेवढ्या एकाच पेपरात अडकायला लागल्या तेव्हा २०१८ च्या शेवटी आयईएलटीएसचे कमी केले आणि २०२० मध्ये ओईटीचे.

मी सुरुवात आयईएलटीएसच्या क्लासनेच केली होती. नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नर आहे आणि त्या भागात परदेशी पाठवणाऱ्यांच्या पाट्या पण आहेत, हा विनोद सगळ्यांनी करून झालाय, मी परत करत नाही. क्लासचं नाव घेत नाही. तिथे काउन्सेलर म्हणून एक मॅडम बसतात, गोड बोलतात, पाणी-चहा विचारतात, आणि त्यांचं खरं काम फी भरून घेणं असतं. मी ओईटीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ती फार टफ असते, सगळं मेडिकल असतं, तुम्हाला आयईएलटीएसच सोपी जाईल. अहो मॅडम, मी नर्स आहे, मला मेडिकल सोपं जाईल का शहरीकरणावरचा निबंध सोपा जाईल? पण तेव्हा एवढं सुचलं नाही. नंतर कळलं की ओईटी शिकवायला त्यांच्याकडे कुणी माणूसच नव्हता.

बॅचमध्ये सगळी बारावी झालेली, ग्रॅज्युएशन झालेली मुलं, ओझर, सिन्नर, पिंपळगावकडची, सगळ्यांना कॅनडा. त्यांना प्रत्येक विषयात ६ पुरायचे आणि मला ७ हवे होते, शिकवणं सगळं ६ च्या मापाने. निबंधाचा तयार साचा द्यायचे, 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' पासून सुरू, मधे दोन मुद्दे, शेवटी 'टू कन्क्लूड'. विषय कुठलाही असो, पहिली चार वाक्यं सगळ्या बॅचची सेम. तपासणारे रोज शेकडो वाचतात, त्यांना पाठ केलेलं कळत नसेल का? (ती मुलं बिचारी मधेच लटकली. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने स्टुडंट परमिटवर मर्यादा आणली, मग नोव्हेंबरमध्ये ती फास्ट स्टुडंट व्हिसावाली एसडीएस स्कीम बंदच केली. त्यातला एक मुलगा आता जर्मन शिकतोय, डेर-डी-डास वगैरे सगळं नव्याने, म्हणतो ताई मला आता झोपेत पण आर्टिकल दिसतात.)

ओईटीकडे मला वळवलं ते आमच्या आयसीयूतल्या केरळी सिस्टरनी. नाशिकमध्ये इतकी वर्षं आहेत की मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात, फक्त रागावतात तेव्हा मल्याळम येतं. त्यांच्या नात्यातल्या अर्ध्या बायका युके आणि आयर्लंडला, त्यामुळे त्यांना ही परीक्षा आपल्याला गणपतीची आरती पाठ असते तशी पाठ. त्यांनी नाईटला, पहाटेचे सॅम्पल काढून झाल्यावर, रफ पेपरवर मला सगळा नकाशा काढून दिला आणि त्या अर्ध्या तासात मला क्लासपेक्षा जास्त कळलं.

ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, मूळची ऑस्ट्रेलियाची, आणि फक्त हेल्थवाल्यांसाठी. डॉक्टर, नर्स, फार्मसी, फिजिओ, डेंटल, अगदी जनावरांचे डॉक्टर धरून १२ व्यवसाय. लिसनिंग आणि रीडिंग सगळ्यांना एकच, रायटिंग आणि स्पीकिंग आपापल्या व्यवसायाचं. फी ऐकून मात्र पोटात गोळा येतो. मी भरली तेव्हा ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर होती, म्हणजे आपले तीस हजाराच्या वर, आयईएलटीएसच्या जवळजवळ दुप्पट. पप्पांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "एका परीक्षेचे? पास नाही झाली तर परत देतात का?" नाही देत पप्पा. शेवटी दादाने अर्धे घातले, अर्धे माझे.

आता एकेक पेपर. रीडिंग पटकन सांगते कारण त्यात फार काही नाही. पार्ट ए मध्ये एकाच विषयावरचे चार छोटे उतारे, समजा टिटॅनस नाहीतर पॅरासिटामॉल ओव्हरडोस, आणि १५ मिनिटांत २० प्रश्न. वाचत बसायचंच नाही, शोधायचं. डोसचा प्रश्न आला की कुठल्या उताऱ्यात टेबल आहे तिकडे पळायचं. आयसीयूत ड्रग चार्ट बघायची सवय असलेल्यांना हा पार्ट मजेशीर वाटतो. १५ मिनिटं झाली की तो पेपर काढून घेतात, परत हात लावता येत नाही. मग उरलेल्या ४५ मिनिटांत पार्ट बी आणि सी, त्यातला सी जरा डोकं खातो, लांब लेख असतो आणि लेखकाला नक्की काय म्हणायचंय असं विचारतात, चारातले दोन पर्याय तर जुळे भाऊ असतात.

लिसनिंगला रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. एकदाच. आमच्यासारख्यांचा प्रॉब्लेम शब्दांचा नसतो, उच्चारांचा असतो. इथे सिरियल आणि पिक्चर बघून अमेरिकन थोडंफार कळतं, पण स्कॉटिश आजीबाई आपल्या गुडघ्याबद्दल सांगायला लागल्या की पाच सेकंद काही कळत नाही आणि तोपर्यंत दोन रिकाम्या जागा निघून गेलेल्या असतात. पार्ट ए मध्ये पेशंट आणि डॉक्टर किंवा फिजिओ वगैरे बोलत असतात आणि आपण नोट्समधल्या गाळलेल्या जागा भरायच्या, दोन पेशंट, प्रत्येकी १२ जागा. मी काय केलं, सिटीलिंकच्या बसमध्ये नाशिक रोड ते मुंबई नाका रोज कानात हेडफोन, ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओचा हेल्थ रिपोर्ट नावाचा पॉडकास्ट लावायचा आणि मनात नाही तर खरंच वहीत, बस हलत असताना, ऐकू येईल ते लिहायचं. द्वारकाच्या सर्कलला बस अडकते त्याचा मला पहिल्यांदाच फायदा झाला. अक्षर कोंबडीचे पाय. पण ऐकणं आणि लिहिणं दोन्ही एकदम करायची सवय हात हलवल्याशिवाय लागत नाही, नुसतं ऐकून समजलं म्हणणाऱ्या सगळ्या परीक्षेत मागे पडतात.

आता रायटिंग. इथे माझं डोकं फिरलं होतं. पेपर असा असतो की एका पेशंटच्या केस नोट्स देतात, दोन पानं भरून, आणि त्यावरून एक पत्र लिहायचं. पाच मिनिटं नुसतं वाचायचं, तेव्हा पेन चालवायचं नाही, मग ४० मिनिटं लिहायचं. पत्राचा मजकूर साधारण १८० ते २०० शब्द. पत्र कधी दुसऱ्या हॉस्पिटलला, कधी घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या कम्युनिटी नर्सला, कधी वृद्धाश्रमाच्या मॅनेजरला. वाटतं सोपं, ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला रोज तर पेशंटचा हँडओव्हर देतो. पण आपल्याला कॉलेजपासून एकच गोष्ट डोक्यात भरलेली असते, जे लिहिलं नाही ते केलं नाही. उद्या केस झाली, नातेवाईक भांडले तर फाईलच वाचवणार. त्यामुळे आपण सगळं लिहितो. पेशंटने किती वाजता चहा घेतला ते सुद्धा लिहितो.

आणि इथे मार्क असतात काय काय गाळलं त्याला. सिस्टरनी मला सरावाला एक केस दिली होती ती अजून लक्षात आहे. सत्तरीच्या बाई, पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता घरी जाणार, पत्र कम्युनिटी नर्सला. नोट्समध्ये काय नाही? लहानपणीचं टॉन्सिल्सचं ऑपरेशन, नवरा वारल्याचं साल, मुलगी दुसऱ्या गावात, बागकामाची आवड, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, तिसऱ्या दिवशी थोडा ताप येऊन गेला, टाके कधी काढायचे, घरात जिना आहे, रक्त पातळ करायचं इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकवलंय पण हात थरथरतो. मी सगळं बसवलं, तीनशेच्या वर शब्द गेले आणि तरी अभिमान वाटत होता की बघा काही सुटलं नाही. सिस्टरनी वाचलं आणि विचारलं, "उद्या सकाळी ही नर्स दारात उभी आहे, तिने काय करायचंय?" मी म्हटलं ड्रेसिंग बघायचं, इंजेक्शन द्यायचं. "मग ते कितव्या ओळीत आहे?" अकराव्या ओळीत होतं.

मग आम्ही एकेक गोष्ट काढत गेलो. टॉन्सिल्स गेले. ताप येऊन गेला, तो उतरला, गेला. नवरा वारल्याचं साल गेलं पण एकट्या राहतात हे राहिलं, कारण हात थरथरतो आणि घरात दुसरं कुणी नाही, म्हणजे इंजेक्शन द्यायला माणूस लागणारच. बागकाम मी काढत होते तर त्या म्हणाल्या थांब, वाकून माती उकरायला गेल्या तर खुबा निसटेल, हे ठेव, पण आवड म्हणून ठेवू नको, सांगायची काळजी म्हणून ठेव. मला तेव्हा कळलं की हा पेपर नक्की काय बघतोय. मार्किंगच्या सहा कसोट्यांमधली पहिलीच 'पर्पज' आहे, म्हणजे पत्र कशासाठी हे वाचणाऱ्याला लगेच सापडतं का. व्याकरण त्या सहातलं एक, बाकीचं सगळं हेच, काय घेतलं, किती आटोपशीर, कसं मांडलं. क्लासवाल्यांच्या साच्याने इथे काही होत नाही, कारण प्रत्येक पत्र दारात उभ्या असलेल्या वेगळ्या माणसाला असतं.

एक सवय मात्र मला लागली आणि ती ड्युटीवर अजून त्रास देते. आता कुणी हँडओव्हर देताना पेशंट कुठल्या गावचा तिथपासून सुरू केलं की मी मधेच तोडते, अगं व्हेंटिलेटरवर काय बदल केला ते आधी सांग. ज्युनियर मुली वैतागतात माझ्यावर.

स्पीकिंगला दोन रोलप्ले. आपल्याला एक कार्ड मिळतं, तीन मिनिटं वाचायला, मग साधारण पाच मिनिटं बोलायचं, आपण नर्स आणि समोरची व्यक्ती पेशंट नाहीतर नातेवाईक. समोरची व्यक्ती मार्क देत नाही, ती फक्त भूमिका करते, सगळं रेकॉर्ड होतं आणि तपासणारे वेगळे. सुरुवातीला थोड्या गप्पा मारतात, कुठे काम करता वगैरे, त्याला मार्क नसतात, घसा मोकळा करायला असतं ते. परीक्षेतली कार्डं बाहेर सांगायची परवानगी नाही त्यामुळे ती विचारू नका, सरावाची कार्डं ओईटीच्या साईटवर फुकट आहेत, तीच करा.

मी सरावाला पहिल्यांदा बसले तेव्हा कार्ड होतं मधुमेहाच्या पेशंटचं, पायाला जखम, अनवाणी फिरतो, ऐकत नाही. सिस्टर पेशंट झाल्या. मी सुरू केलं, असं करू नका, तसं करू नका, चप्पल घाला, शुगर तपासा, नाहीतर पाय काढावा लागेल. दोन मिनिटांत माझं सगळं सांगून संपलं. सिस्टर खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "छान रागावलीस. आता तीन मिनिटं काय करणार?"

म्हणजे इंग्रजी मला येत होतं, वाक्यं बरोबर होती. पण ह्या परीक्षेत भाषेच्या मार्कांबरोबर पेशंटशी कसं बोलता त्याचे वेगळे मार्क आहेत. त्याला आधीच काय माहितीय हे विचारलं का, त्याला कसली काळजी आहे ते काढून घेतलं का, एक गोष्ट सांगून झाल्यावर कळलं का असं थांबून बघितलं का, उठसूट अवघड शब्द फेकले का. आणि हे आपल्या वॉर्डात कोण करतं हो? एका नर्सकडे किती पेशंट असतात ते आपल्याला माहितीय. आपण आत जातो, हात पुढे करा म्हणतो, टोचतो, बाहेर येतो. पेशंटने प्रश्न विचारला तर डॉक्टरांना विचारा. प्रेमाने केलं तरी 'अहो बाबा ऐका जरा' यापलीकडे जात नाही. त्यामुळे क्लासमधून शंभर वाक्यं पाठ करून गेलात, 'आय अंडरस्टँड हाऊ यू फील' दर तिसऱ्या वाक्याला घातलं, तरी ऐकणाऱ्याला कळतं की हिला समोरच्याचं काही ऐकायचं नाहीये.

ह्याची प्रॅक्टिस मी शेवटी मराठीत केली, खरंच. त्या वेळी माझी जनरल वॉर्डला बदली ड्युटी होती आणि तिथे दिंडोरीकडचे एक आजोबा होते, शुगर चारशेच्या आसपास, इन्सुलिन घेईनात. सगळ्यांनी समजावून झालं, मुलगा ओरडून झाला, डॉक्टर साहेब स्वतः येऊन गेले. मी दुपारी बीपी घ्यायला गेले, जरा निवांत होतं, स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "आजोबा, इंजेक्शनचं नक्की काय वाटतं तुम्हाला?" आधी काहीच बोलले नाहीत. पट्टा काढला, घडी घातली, तरी मी तिथेच. मग म्हणाले, "भावाला हेच सुरू केलं होतं. सहा महिन्यांत पाय काढला त्याचा."

म्हणजे त्यांच्या हिशोबाने इन्सुलिनने पाय गेला होता. आता उलटं असतं, पाय वाचवायलाच उशिरा इन्सुलिन सुरू केलं असणार, पण हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं तर सांगणार कोण. मी सांगितलं, भावाची जखम आधीपासून होती का विचारलं, तर हो, दोन महिने घरीच हळद लावत होते. तिथून पुढे दहा मिनिटं बोललो. त्या संध्याकाळी घेतलं त्यांनी, कुरकुर करत घेतलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "हेच इंग्लिशमध्ये करून दाखव." करून दाखवलं, आणि पाच मिनिटं कमी पडली.

परीक्षेचं केंद्र मी मुंबईचं घेतलं. पावसाळा होता, कसारा घाटाचा भरवसा नाही, म्हणून आदल्या दिवशीच पंचवटीने गेले आणि कल्याणला मावशीकडे राहिले. मावशीने अर्थातच परीक्षा म्हणून दही-साखर, आणि शिवाय डब्यात सहा थालीपीठं, जी मी रांगेत उभ्या दोन मल्याळी मुलींबरोबर खाल्ली. पासपोर्ट ओरिजिनल लागतो, झेरॉक्स किंवा आधार घेऊन आलेल्या एकीला परत जावं लागलं, रडत होती बिचारी. घड्याळ, मोबाईल सगळं बाहेर. मी पेपरवाली घेतली होती, कॉम्प्युटरवर पण असते, टायपिंगचा हात असेल तर ती घ्या. माझं स्पीकिंग दुपारी होतं, मधला वेळ वाट बघण्यात फार जातो आणि तेवढ्यात बाकीच्या मुली आपापली उत्तरं सांगायला लागतात, तिथून उठून लांब जाऊन बसा.

रिझल्ट दोन-अडीच आठवड्यांनी आला. रीडिंग ३९०, स्पीकिंग ३७०, रायटिंग ३४०, आणि लिसनिंग ३४०. दहा मार्कांनी बी हुकलं. रात्री तीन वाजता मेडिसिन ट्रॉलीजवळ उभं राहून मोबाईलवर बघितलं आणि पुढचा तासभर कुणाशी बोलले नाही.

पण इथे एक नियम आहे जो क्लासवाले सांगत नाहीत. एकच परीक्षा दोनदा दिली तर एनएमसीला दोन्ही वेळचे मार्क जोडून चालतात. अटी अशा की दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत हव्यात (आधी सहाच महिने होते, २०२३ पासून वाढवले), दोन्ही वेळी चारही पेपर दिलेले हवेत, आणि दोन्हीत मिळून प्रत्येक विषयात पाहिजे तेवढे आलेले हवेत. शिवाय कुठल्याच वेळी लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग सी प्लसच्या खाली जाता कामा नये. माझं ३४० म्हणजे सी प्लसच, म्हणजे मार्ग उघडा होता. परत फी भरावी लागली, ह्या वेळी पप्पांनी न विचारता दिली, द्राक्षाचा भाव बरा मिळाला होता. परत सगळे पेपर. लिसनिंगला ३८० आले आणि गंमत म्हणजे रीडिंग कमी आलं, पण ते आधीच्या वेळचं धरलं गेलं.

मधल्या काळात फोन सुरू झाले होते. कुठून नंबर मिळतो देव जाणे. "मॅडम, विदाऊट एक्झाम सर्टिफिकेट, ओरिजिनल, साईटवर व्हेरिफाय होणार." भाव लाखाच्या वर. माझ्या ओळखीतली एक जवळजवळ पैसे पाठवणार होती. मुलींनो, एनएमसी तुमचा कागद बघतच नाही, ते थेट ओईटीकडून मार्क बघतात. आणि समजा जमलं तरी पुढे काय? २०२२ मध्ये गुजरातची काही मुलं कॅनडातून नदीतून अमेरिकेत शिरताना पकडली, आयईएलटीएसला साडेसहा-सात बँड होते आणि कोर्टात जज साहेबांना एक वाक्य इंग्रजीत सांगता येईना, मग तिकडून चौकशी फिरत फिरत मेहसाण्यापर्यंत आली. नर्सच्या बाबतीत तर समोर आजारी माणूस असणार आहे, कोर्टापर्यंत जायची पण गरज नाही.

दुसरे फोन एजंटचे. नोकरी लावून देतो, दोन लाख. युकेच्या सरकारी नियमावलीप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे नर्सकडून घ्यायचेच नाहीत, ते हॉस्पिटल देतं. जो मागतो त्याला एवढंच विचारा की हे त्या नियमावलीत बसतं का, फोन आपोआप कट होतो. मी करून बघितलंय.

ओईटीचा स्कोर एनएमसीला दोन वर्षंच चालतो, त्यामुळे पास झाले की पेढे वाटून बसून राहू नका, पुढे सीबीटी आहे (एनएमसीची कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा), कागदपत्रं आहेत, मग तिकडे गेल्यावर ओस्की, म्हणजे प्रॅक्टिकल. एका बाबतीत आपण नाशिककर नशीबवान आहोत, आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे मार्कांच्या अधिकृत कागदासाठी, लातूरची, सोलापूरची मुलं रात्रभर प्रवास करून येतात आणि आपण ड्युटी संपवून रिक्षाने जातो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं काम मात्र मुंबईचं, त्याला वेळ धरा.

माझी सीबीटी झाली. युकेच्या सरकारी आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची, हॉस्पिटलं चालवणाऱ्या एका ट्रस्टला एनएचएस जॉब्सच्या साईटवरून स्वतःच अर्ज केला होता, त्यांचा इंटरव्ह्यू शुक्रवारी आहे, व्हिडिओ कॉलवर. घरी नेट मधेच जातं म्हणून सिस्टरच्या घरी बसून देणारे, त्यांनी आत्ताच बजावलंय की पहिल्या प्रश्नाला मी पेशंटच्या गावापासून सुरुवात केली तर त्या बाजूच्या खोलीतून मल्याळममध्ये ओरडतील.